पशुआरोग्य प्रश्नोत्तरे : बाहेरचं विष, पोटातले जंतू

फवारणीचं गवत, खारट झालेली विहीर, मळीचं पाणी, प्लास्टिक. या विषयांवरच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे : जनावर दगावलं नाही, पण रवंथ कमी झालं, दूध उतरलं, खाल्लेलं अंगी लागत नाही. त्यातली आठ पत्रं या अंकात घेतली आहेत. औषधांची मात्रा माहितीसाठी दिली आहे. शिरेतून द्यायचं काहीही पशुवैद्यकाशिवाय देऊ नये.

प्रश्न : कपाशीवर फवारणी झाली की धुऱ्यावरचं गवत किती दिवस कापू नये? शेजारी म्हणतात, गाय रवंथ करते म्हणून तिला औषध कमी बाधतं. हे खरं आहे का?
— पशुपालक, यवतमाळ जिल्हा

शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि अर्ध्याच भरवशावर जनावर सोडणं धोक्याचं.

मोठ्या गाईच्या कोटीपोटात, म्हणजे गिळलेला चारा जिथे आधी साठतो आणि आंबतो त्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, शंभर ते दोनशे लिटर माल मावतो. त्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या आसपास जिवाणू आणि काही लाख आदिजीव असतात. तिथे हवा जवळजवळ नसते, त्यामुळे हे जंतू अन्नातल्या नायट्रो, क्लोरीन अशा गटांवर हायड्रोजन चढवून ते मोडतात. घोड्याच्या किंवा माणसाच्या पोटात विष आधी आतड्याच्या भिंतीला भेटतं; गाईच्या पोटात ते आधी जंतूंच्या हातात पडतं. पॅराथिऑन हे जुनं कीटकनाशक कोटीपोटात पडलं की त्याचा नायट्रो गट बदलून अमिनोपॅराथिऑन होतं, आणि ते मूळ औषधापेक्षा पुष्कळ कमी विषारी असतं. डीडीटीमधला एक क्लोरीन काढून त्याचं डीडीडी करण्याचं कामही हे जंतू करतात. मात्र डीडीडीसुद्धा चरबीत साठतं आणि दुधात उतरतं. म्हणजे विषाचं रूप पालटलं, ते संपलं नाही.

ही ढाल सगळीकडे पुरत नाही. ऑर्गनोफॉस्फेट गटातली बरीच औषधं कातडीतून आणि श्वासातूनही आत शिरतात. तिथे कोटीपोट मध्ये येतच नाही. शिवाय जंतूंनी मोडलेल्या औषधाचं पुढे काय होतं, हेही पाहावं लागतं. मदुराई कामराज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना १८० दिवस पाण्यातून मोनोक्रोटोफॉस दिलं. ऑर्गनोफॉस्फेटचा ओळखीचा परिणाम म्हणजे मज्जातंतूंचं विकर बंद पडणं. तो दिसला नाही, पण उंदरांच्या रक्तातली साखर आवरेना. आतड्यातले जंतू औषध मोडत होते, त्यातून ॲसेटिक आम्ल वाढत होतं आणि त्या आम्लातून शरीर जादा ग्लुकोज तयार करत होतं.

हा निष्कर्ष जसाच्या तसा गाईला लावता येणार नाही. गाय मुळात ॲसेटिक आम्लावरच जगते आणि ग्लुकोज मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासून बनवते. तिच्या बाबतीत काळजी वेगळी आहे : औषधाने जंतूंची घडी विस्कटली की या आम्लांचं एकमेकांशी प्रमाण बदलतं. मग दूध आणि फॅट दोन्ही हलतात.

आता तुमच्या धुऱ्याबद्दल. औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी थांबायचे दिवस छापलेले असतात. ते पिकासाठी असतात, पण चाऱ्यासाठी तो आकडा किमान समजा. त्याआधी धुऱ्यावरचं गवत कापू नका. दोन औषधं मिसळून मारली असतील तर ज्याचे दिवस जास्त ते धरा. त्याहून सोपा उपाय म्हणजे फवारणीच्या आदल्या दिवशीच दोन-तीन दिवसांचं गवत कापून आणणं. पंप धुतलेलं पाणी गुरांच्या हौदाकडे जाणार नाही हे बघा. विदर्भात पुष्कळदा गवतापेक्षा याच पाण्याने घात होतो. वेचणीनंतर पऱ्हाटीत शेळ्या-मेंढ्या बसवायच्या असतील, तर शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली हे शेतमालकाला विचारल्याशिवाय कळप आत घालू नका.

तोंडाला लाळेच्या तारा, डोळ्यांतून पाणी, टाचणीएवढी बारीक बाहुली, पातळ शेण आणि खांद्याच्या मांसाची थरथर, एवढं एकत्र दिसलं की वेळ दवडू नका. अंगावर औषध पडलं असेल तर हातमोजे घालून साबण-पाण्याने जनावर धुवा. पशुवैद्यक येईपर्यंत तेल, तूप, लोणी पाजू नका. यांतली बरीच औषधं स्निग्धात विरघळतात. पशुवैद्यक ॲट्रोपिन देतात. त्याने कोटीपोटाची हालचाल मंदावते, म्हणून इंजेक्शननंतर काही तास पोटफुगीवर लक्ष ठेवा. नळीतून सक्रिय कोळसा द्यायचा तो वजनाच्या दर किलोला १ ते २ ग्रॅम, म्हणजे ३०० किलोच्या गाईला ३०० ते ६०० ग्रॅम, भरपूर पाण्यात कालवून. दोन-चार गोळ्यांनी काही साधत नाही.

प्रश्न : विहिरीच्या पाण्याच्या तपासणीत नायट्रेट लिटरला १६० मिलिग्रॅम आलं. त्याच पाण्यावर ज्वारी आणि मका चाऱ्यासाठी करतो. युरिया नेहमीचाच. दोन गाभण गाई गाभडल्या. पाणी उकळून द्यावं का?
— दूध उत्पादक, संगमनेर तालुका

उकळू नका. उकळल्याने पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे लिटरमागे ते वाढतं. तुरटी आणि क्लोरीनचाही इथे उपयोग नाही.

माणसाच्या पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात मर्यादा ४५ मिलिग्रॅमची आहे, तेव्हा घरात हे पाणी, विशेषतः तान्ह्या बाळाच्या दुधात, अजिबात वापरू नका. जनावरं याहून जास्त सोसतात. १३० पर्यंतचं पाणी, चारा स्वच्छ असेल तर, चालून जातं. १३० ते २२० या पट्ट्यात दीर्घकाळ त्रास होऊ शकतो. तुमची विहीर त्यात बसते.

पण हिशेब मांडून पाहा. गाय दिवसाला ५० लिटर पाणी प्यायली तर पाण्यातून ८ ग्रॅम नायट्रेट पोटात गेलं. त्याच गाईने सुक्या वजनाने ८ किलो असा चारा खाल्ला ज्यात नायट्रेट एक टक्का आहे, तर ८० ग्रॅम गेलं. खरी शंका चाऱ्यावर घ्यायला हवी. पाणी त्यात भर घालतंय.

नायट्रेट स्वतः फारसं विषारी नसतं. कोटीपोटातले जंतू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्राइटचं अमोनिया. पहिली पायरी झपाट्याने होते, दुसरी सावकाश. एकदम भरपूर नायट्रेट आलं की मधल्या पायरीवर नायट्राइट साचतं, रक्तात जातं आणि हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही. पोटातल्या वासराला प्राणवायू कमी पडला की गाय गाभडते. ज्या जंतूंनी पॅराथिऑन बोथट केलं, त्यांच्याच हातून इथे विष तयार होतं. म्हणूनच नायट्रेट गाई-म्हशींना घोड्यापेक्षा किती तरी जास्त बाधतं.

गाभडण्याची इतरही कारणं असतात. ब्रुसेलाची रक्ततपासणी आधी करून घ्या. ती टाळून सगळा दोष नायट्रेटवर ढकलू नका.

चाऱ्याचं असं करा. पाण्याचा ताण बसलेल्या पिकावर पाऊस पडला की पहिला आठवडाभर कापू नका, त्या दिवसांत मुळं नायट्रेट ओढतात आणि पानं ते वापरून संपवत नाहीत. ढगाळ हवेतही तसंच होतं. युरियाचा हप्ता कापणीच्या तोंडावर देऊ नका. नायट्रेट धाटाच्या बुडात सर्वांत जास्त असतं, तेव्हा वीतभर बूड शेतातच सोडा. तपासणीला नमुना मात्र बुडाचाच पाठवा, दहा-बारा ठिकाणचा, कुट्टी करून सावलीत वाळवून, कागदी पिशवीत. सुक्या वजनावर अर्ध्या टक्क्याच्या आत नायट्रेट असेल तर चारा निर्धास्त घाला. अर्धा ते एक टक्का असेल तर निम्मा सुका कडबा मिसळा, गाभण गाईला तोही बेताने. एक टक्क्याच्या वर असेल तर तो चारा मुरघासाकडे वळवा. मुरघासात आंबताना निम्म्याच्या आसपास नायट्रेट कमी होऊ शकतं, पण खड्डा उघडल्यावर पुन्हा तपासावं लागतं. भरल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खड्ड्याच्या तोंडाशी पिवळट-तांबूस वायू दिसला तर जवळ जाऊ नका. तो माणसाचा जीव घेतो.

भुकेल्या गाईपुढे हिरवा चारा टाकू नका. आधी कडबा, मग मूठ-दोन मूठ भरडा, त्यानंतर हिरवं. भरड्यातल्या पिष्टातून जंतूंना हायड्रोजन मिळतो आणि नायट्राइटची दुसरी पायरी वेगाने उरकते. चाऱ्याचं प्रमाण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवलं तर नायट्राइट मोडणारे जंतू पोटात वाढतात. मध्येच तीन-चार आठवडे तो चारा बंद केला तर ही सवय मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ज्वारीत आणखी एक घोटाळा होतो. कोवळ्या, पाण्याअभावी उभ्या सुकलेल्या किंवा खोडव्याच्या ज्वारीने किराळ लागते. तीही जंतूंचीच करणी, ज्वारीतल्या धुरिन या द्रव्यातून ते हायड्रोजन सायनाइड मोकळं करतात. दोन्हींत जनावर धापा टाकत कोसळतं. फरक रक्तात दिसतो. किराळीत ते लालभडक असतं, नायट्रेटमध्ये चॉकलेटसारखं तपकिरी; हिरड्या आणि योनीची आतली त्वचाही करडी-तपकिरी दिसते. हा रंग पशुवैद्यकाला फोनवरच सांगा, कारण उपचार वेगळे आहेत. किराळीवर सोडियम नायट्राइट आणि हायपो (सोडियम थायोसल्फेट) देतात. नायट्रेटच्या विषबाधेत तेच सोडियम नायट्राइट दिलं तर जनावर हातचं जाईल. तिथे एक टक्का मिथिलीन ब्लू शिरेतून लागतं. आणि ज्वारी वाळवल्याने किराळीचा धोका बराच उतरतो, नायट्रेट मात्र वाळवून जात नाही.

प्रश्न : डिस्टिलरीच्या मळीचं पाणी ओढ्यात येतं, त्याच्या काठच्या विहिरीवर गोठा आहे. पाण्याला वास येतो, गाई पितात. काळ्या गाईंचे केस तांबूस झालेत. एक कालवड आंधळ्यासारखी भिंतीला डोकं लावून उभी राहायची, ती गेली. जंतनाशक देऊन झालं.
— पशुपालक, सोलापूर जिल्हा

तुमच्या पत्रातल्या दोन्ही गोष्टी, केसांचा रंग आणि कालवडीचं आंधळेपण, एकाच मुळाशी जाऊ शकतात : पाण्यातलं सल्फेट. पाणी प्रयोगशाळेत देताना सल्फेट, एकूण क्षार आणि नायट्रेट हे तिन्ही मागून घ्या. नुसता पीएच आणि कठीणपणा पाहून काही कळणार नाही.

कोटीपोटात सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात. ते सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड करतात, सडक्या अंड्याच्या वासाचा तोच वायू. गाय ढेकर देते तेव्हा या वायूचा मोठा भाग श्वासाबरोबर फुप्फुसात जातो आणि तिथून रक्तात. आतड्यातून गेला असता तर यकृताने त्याचा बंदोबस्त केला असता. ढेकरेच्या वाटेने तो यकृत चुकवून मेंदूपर्यंत पोचतो. मेंदूचा वरचा थर मऊ पडतो. जनावर आंधळं होतं, आकाशाकडे बघतं, भिंतीला डोकं टेकतं, झटके येतात. सल्फेट वाढल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत हे दिसतं, आणि तरुण जनावरांत जास्त.

किती सल्फेट म्हणजे जास्त? सल्फेटच्या वजनात गंधक एक तृतीयांश असतं. समजा पाण्यात लिटरला १,५०० मिलिग्रॅम सल्फेट आहे आणि गाय ६० लिटर पिते. ९० ग्रॅम सल्फेट झालं, म्हणजे ३० ग्रॅम गंधक. गाय सुक्या वजनाने १२ किलो खाते असं धरलं तर नुसत्या पाण्यातून आहाराच्या ०.२५ टक्के गंधक गेलं. चारा-खुराकात स्वतःचं ०.२ टक्के असतंच. बेरीज ०.४५. खुराक भरपूर असेल तर ०.३ आणि चारा भरपूर असेल तर ०.५ टक्के ही वरची हद्द मानतात. आता उन्हाळा लावा : तीच गाय ९० लिटर प्यायली की बेरीज ०.५७ वर जाते. हिवाळ्यात ज्या पाण्याने काही झालं नाही, तेच पाणी एप्रिलमध्ये कालवड मारतं. खुराकाला कमी हद्द का, तर खुराकाने कोटीपोट आंबट होतं आणि आंबट रसात सल्फाइड वायुरूपात जास्त सुटतं. म्हणून अशा गोठ्यात मळी घातलेलं पशुखाद्य किंवा उसाचे वाढे देताना त्यातलं गंधकही हिशेबात धरा.

केसांची गोष्ट तांब्याची आहे. सल्फाइड आणि चाऱ्यातलं मॉलिब्डेनम मिळून कोटीपोटातच थायोमॉलिब्डेट तयार होतं. ते तांब्याला असं घट्ट धरतं की आतड्याला ते मिळत नाही. केसाचा काळा रंग तयार करणारं विकर तांब्यावर चालतं. त्यामुळे काळ्या एचएफ (होल्स्टीन) गाईंचे केस गंजल्यासारखे होतात आणि डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखं फिकट वर्तुळ पडतं. माजावर न येणं, उलटणं (भरवूनही गाभ न राहणं) हेही मागोमाग येतं. खाद्यात तांबं पुरेसं असूनही हे होतं, म्हणून नुसता आहार तपासून फसगत होते. रक्तातलं तांबं तपासून मगच पूरक तांबं द्या. मेंढ्या त्याच गव्हाणीत खात असतील तर गाईचं तांब्याचं मिश्रण त्यांना लागू देऊ नका. मेंढीला तांबं फार लवकर चढतं.

उपाय एकच आहे, पाणी बदलणं. पूर्ण शक्य नसेल तर वासरं, कालवडी आणि गाभण गाई यांना आधी बाहेरून पाणी द्या. बाकीच्यांना निम्मं-निम्मं मिसळून. वासरांसाठी सल्फेट ५०० च्या आत असावं, मोठ्यांसाठी हजाराच्या आत. पाणी निवळायला तुरटी टाकत असाल तर आजच थांबवा. तुरटी स्वतःच सल्फेट आहे. डोकं टेकणाऱ्या जनावराला थायमिन, वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, पहिले दोन-तीन दिवस दर सहा-आठ तासांनी देतात. आंधळेपणा दिसल्यापासून काही तासांत सुरू केलं तर दृष्टी परत येण्याची आशा असते. अशीच लक्षणं शिशाच्या विषबाधेतही दिसतात, तेव्हा आवारात जुनी बॅटरी, रंगाचे डबे पडलेत का ते बघा. आणि मेलेल्या कालवडीचं शवविच्छेदन करून घ्या, संकोच करू नका. पाणी दूषित करणाऱ्याकडे दाद मागायची तर पाण्याचा अहवाल आणि शवविच्छेदनाचा अहवाल हे दोन कागद हातात असावे लागतात.

प्रश्न : प्रदूषकाने थेट शरीर बिघडवलं की जंतूंमार्फत, हे शास्त्रज्ञ वेगळं कसं काढतात?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, पुणे

तीन वाटा आहेत. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना तेच प्रदूषक द्यायचं. परिणाम दिसला नाही तर संशय जंतूंवर. किंवा बाधित उंदराची विष्ठा प्रदूषक न दिलेल्या उंदराच्या पोटात घालायची. मदुराईच्या प्रयोगात विष्ठेतून जंतू हलवल्यावर साखरेचा बिघाड दुसऱ्या उंदरांतही उतरला, म्हणून त्या निष्कर्षाला वजन आहे. तिसरी वाट प्रतिजैविकांची. २००८ मध्ये चीनमध्ये दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळल्याने मुलांना मूत्रपिंडाचे खडे झाले होते. २०१३ मध्ये उंदीरवर्गातल्या रॅटवर दिसलं, की आतड्यातले क्लेबसिएला जिवाणू मेलामाइनचं सायान्युरिक आम्ल करतात आणि मेलामाइन व हे आम्ल मिळून खडे होतात. प्रतिजैविकाने जंतू कमी केल्यावर मूत्रपिंडाची हानीही कमी झाली. वाचताना एक पथ्य पाळा : ‘जंतूंचं प्रमाण बदललं’ एवढंच सांगणारा लेख कारण सिद्ध करत नाही. प्रदूषकाने जनावराचं खाणं कमी झालं तरी जंतू बदलतातच.

प्रश्न : शहरात फिरणाऱ्या गाईच्या पोटातलं प्लास्टिक औषधाने विरघळतं का?
— वाचक, नागपूर

नाही. कोणत्याही औषधाने, तेलाने, जुलाबाने विरघळत नाही. लोहचुंबक गिळवतात तो तारेसाठी, प्लास्टिकला तो धरत नाही. पिशव्यांचा दोरखंडासारखा पीळ होतो, कोटीपोटात चाऱ्याला जागा उरत नाही आणि हालचाल मंदावते. वारंवार थोडी थोडी पोटफुगी, खाऊनही बरगड्या दिसणं, डाव्या कुशीत मुठीने दाबलं तर कणकेसारखा खड्डा राहणं, ही लक्षणं. उपाय शस्त्रक्रियेचा : गाय उभी ठेवून, डाव्या कुशीत भूल देऊन कोटीपोट उघडतात. शिवण्याआधी निरोगी जनावराचा कोटीपोटाचा रस आत ओतायला पशुवैद्यकांना आवर्जून सांगा. बांधलेली गायही दोरी, चिंध्या चघळत असेल तर स्फुरद कमी पडतंय. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण सुरू करा.

प्रश्न : खाद्यात टॉक्सिन बाइंडर घातला की कीटकनाशक, नायट्रेट सगळंच बांधलं जातं, असं विक्रेता सांगतो.
— दूध उत्पादक, कोल्हापूर जिल्हा

चुकीचं आहे. बेंटोनाइटसारखी माती बुरशीचं अफ्लाटॉक्सिन चांगलं धरते, कारण त्याचा सपाट रेणू मातीच्या थरांत बसतो. बुरशीची इतर विषं ती नीट धरत नाही. नायट्रेट तर पाण्यासारखं निसटतं. अफ्लाटॉक्सिन बी-१ खाल्लं की एम-१ होऊन ते एका दिवसात दुधात येतं. दुधासाठी आपल्याकडे मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. काळी पडलेली सरकी पेंड किंवा मका बंद केला तर तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. बाइंडरवरच्या पैशाआधी पेंड ठेवायच्या जागेची ओल काढा.

प्रश्न : विषबाधेतून गाय वाचली, पण पंधरा दिवस झाले, रवंथ नाही. कोटीपोट सुधारलंय की नाही हे कसं तपासायचं? दुसऱ्या गाईचा रस कसा द्यायचा?
— पशुपालक, बीड जिल्हा

आधी हाताने. डाव्या कुशीत मूठ घट्ट टेकवून घड्याळ लावा. दोन मिनिटांत दोन ते चार जोरकस लाटा यायला हव्यात. लाट येते पण मूठ उचलली जात नाही, तर ती अशक्त समजा. शेण पाण्यात धुऊन चाळणीत पाहा. अख्खे दाणे आणि बोटभर लांब काड्या दिसल्या तर जंतूंचं काम अपुरं आहे.

मग रस. पशुवैद्यक नळीने काढतात. सुरुवातीचा पाव लिटर लाळेचा असतो, तो टाकून द्यायचा, नाहीतर पीएच खोटा चढतो. चाऱ्यावरच्या गाईचा रस हिरवट, किंचित घट्ट, उग्र पण सडका नसलेला असतो आणि पीएच ६.२ ते ७.२. काचेच्या उभ्या भांड्यात तो स्थिर ठेवा. बारीक कण तळाशी जातात, काड्या वायूच्या बुडबुड्यांवर वर येतात. चार ते आठ मिनिटांत हे झालं तर रस जिवंत आहे. दुसरी चाचणी मिथिलीन ब्लूची : २० मिलिलिटर ताज्या रसात ०.०३ टक्के द्रावणाचा १ मिलिलिटर घाला, शेजारी साधा रस ठेवा. तीन ते सहा मिनिटांत निळा रंग उडाला तर जिवाणू कामावर आहेत. पंधरा मिनिटांनंतरही निळं राहिलं तर ते थंड पडलेत. सूक्ष्मदर्शकाची काच कोमट करून एक थेंब पाहा. विषबाधेत मोठे आदिजीव आधी मरतात, म्हणून फक्त लहान वळवळताना दिसले तर नुकसान अर्ध्यावर आलंय. काहीच हलत नसेल तर रस द्यायलाच हवा.

दाता निरोगी, तशाच चाऱ्यावरचा, ब्रुसेला, क्षय आणि जोन्स (आतड्याचा जुनाट रोग) या रोगांची तपासणी झालेला निवडा. रस दुपदरी पातळ फडक्यातून गाळा. गाईला किमान ३ ते ५ लिटर, ८-१० मिळाला तर उत्तम. शेळीला अर्धा ते एक लिटर. ३८ ते ४० अंशांवर थर्मासमध्ये, काठोकाठ भरून न्या. रिकाम्या जागेतली हवा या जंतूंना मारते. अर्ध्या तासात, नळीनेच द्या. तोंडात ओतलेला रस फुप्फुसात जातो आणि त्या न्यूमोनियातून जनावर क्वचितच उठतं. सलग दोन-तीन दिवस द्या आणि त्या काळात चांगला कडबा, थोडा भरडा पुढे ठेवा, तोंडावाटे प्रतिजैविक टाळा. नव्या जंतूंना खायला नसेल तर ते राहत नाहीत.

जंतू असे एका पोटातून दुसऱ्या पोटात वस्ती करतात, याचा नामी पुरावा सुबाभळीचा आहे. ऑस्ट्रेलियातली गुरं सुबाभळीने आजारी पडायची, हवाईतल्या शेळ्या मात्र खुशाल खायच्या. रेमंड जोन्स यांनी १९८० च्या दशकात त्या शेळ्यांच्या पोटातले जंतू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले आणि विषबाधा थांबली. त्या जिवाणूचं नाव त्यांच्यावरूनच सिनर्जिस्टिस जोन्सी ठेवलं आहे.

प्रश्न : तणनाशकाने मधमाश्या मरताना दिसत नाहीत. मग सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्यांना त्याचा धोका कसला?
— मधपाळ, महाबळेश्वर परिसर

ग्लायफोसेट वनस्पतींचं एक विकर अडवतं. प्राण्यांत ते विकर नाही, म्हणून तणनाशक माशीला निर्धोक मानत. पण माशीच्या आतड्यातल्या जिवाणूंत ते असतं. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये युरोपी मधमाश्यांवर दाखवलं, की ग्लायफोसेट मिळालेल्या माश्यांत स्नॉडग्रासेला हा आतड्याच्या भिंतीला चिकटून राहणारा जिवाणू घटतो आणि नंतर सेराशिया या रोगजंतूची लागण झाली की अशा माश्या जास्त मरतात. म्हणजे मरण फवारणीच्या दिवशी पेटीसमोर दिसत नाही.

कोशातून बाहेर पडलेल्या माशीचं आतडं जवळजवळ रिकामं असतं. पहिल्या चार-सहा दिवसांत ती पोळ्यातल्या मोठ्या माश्यांकडून जंतू घेते. वसाहत विभागताना नुसती बंद पिलाव्याची चौकट वेगळी काढू नका, दाया माश्यांसकट हलवा. टेट्रासायक्लिनही हेच जंतू मारतं, तेव्हा रोगाची खात्री नसताना पाकात प्रतिजैविक घालू नका. सातेरी साधारण किलोमीटरभराच्या आत चरते, म्हणून तेवढ्या टापूतल्या शेतकऱ्यांशी आधी बोलून फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर ठेवायला सांगा आणि फुलावर आलेल्या तणावर मारू देऊ नका. पेट्यांजवळ पसरट भांड्यात खडे आणि काड्या टाकून स्वच्छ पाणी रोज बदलत ठेवा, म्हणजे माश्या फवारलेल्या बांधावरच्या डबक्याकडे जाणार नाहीत.